दोन तारखांच्या मधे

गुन्ह्याला बळी पडलेल्या माणसाला कोर्टात साथ देण्याचं काम म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा एकच चित्र येतं. कोर्टाबाहेरच्या बाकावर रडणारी बाई आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून बसलेली कार्यकर्ती. चित्र खोटं नाही, पण या कामाचा फारच थोडा भाग त्यात येतो आणि त्यापायी कामाबद्दल गैरसमजही होतात. साक्षीचे दिवस खटल्याच्या एकंदर आयुष्यात एक, दोन, फार तर तीन. त्यांच्या आधीचा आणि नंतरचा काळ महिन्यांत, पुष्कळदा वर्षांत मोजावा लागतो, आणि त्या काळात तिला कोणी काही सांगत नाही. आरोपी जामिनावर सुटला का, दोषारोपपत्र गेलं का, खटला कुठल्या कोर्टाकडे लागला, दोषारोप निश्चित झाले का, हे तिला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून कळतं किंवा आरोपी चौकात उभा दिसला की कळतं. उलटतपासाची धास्ती सगळ्यांनाच असते, पण खटला खचतो तो बहुतेक वेळा या मधल्या काळात, असं हे काम करताना माझं मत झालं आहे. तसं असेल तर साथ देणाऱ्याचं मुख्य काम धीर देण्याचं राहत नाही. ते माहिती पोचवत राहण्याचं ठरतं. काम कंटाळवाणं आहे, जरा कारकुनी थाटाचं आहे, आणि ते शेवटपर्यंत एकाच माणसाने करावं लागतं.

हे काम दुसऱ्या कोणाकडे आपोआप का जात नाही, याचं उत्तर फौजदारी खटल्याच्या रचनेत आहे. कागदावर खटला ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक’ असा असतो. जिच्यावर गुन्हा घडला ती साक्षीदारांच्या यादीत असते, मग पहिल्या क्रमांकावर का असेना. त्यामागे तत्त्व आहे. गुन्हा एका व्यक्तीपुरता न मानता समाजाविरुद्ध मानायचा आणि बदला घेण्याचं काम खासगी हातात राहू द्यायचं नाही, म्हणून खटला शासनाने चालवायचा. तत्त्व मला पूर्ण मान्य आहे. पण व्यवहारात त्याचा परिणाम विचित्र होतो. आरोपीला वकील असतो आणि तारखेला हजर राहावंच लागतं, त्यामुळे खटल्याची नाडी त्याच्या हाती असते. ती मात्र समन्स येईपर्यंत अंधारात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत पीडित व्यक्तीला कळवण्याचं बंधन पोलिसांवर घातलं, हे चांगलं झालं. पण ते बंधन तपासाबद्दलचं आहे, आणि खरी लांबण लागते ती कागद कोर्टात गेल्यावर. ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख पाहता येते, हेही खरं. त्यासाठी सोळा अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक हाताशी लागतो. हा क्रमांक मिळवून तिच्या वहीत लिहून देणं, ही या कामातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी मदत आहे, मग ती ऐकायला कितीही किरकोळ वाटो.

आपल्याकडे सुधारणा झाल्याच नाहीत असं कोणी म्हणू नये. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. हा भाग तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होता, आता गडचिरोलीत आहे. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं, नागपूर खंडपीठाने दोषी धरलं आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, अशा कारणांनी त्यांना पुन्हा सोडलं. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात संमती नव्हती असं गृहीत धरण्याची तरतूद आली, पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा ठरलं, सुनावणी बंद दाराआड व्हावी असं ठरलं. २००३ मध्ये पीडितेच्या चारित्र्यावरून तिची साक्ष खोटी पाडण्याची मुभा देणारं पोटकलम पुरावा कायद्यातून गेलं. २०१२ मध्ये मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा आला. त्यात आरोपी बालकाच्या नजरेस पडू नये, वकिलांनी प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारावेत, मुलाला मधे मधे विश्रांती द्यावी, असं सगळं नोंदवलेलं आहे. या प्रत्येक सुधारणेमागे कोणाची तरी वर्षानुवर्षांची मेहनत आहे. पण यांपैकी बहुतेक सुधारणांची नजर साक्षीच्या दिवसावर आणि कोर्टाच्या चार भिंतींवर खिळलेली राहिली. भिंतीबाहेरचा काळ कोणी फारसा हिशेबात धरला नाही.

एक अपवाद आहे, आणि तो बराच जुना आहे. फेब्रुवारी १९९३ मध्ये मुरी एक्स्प्रेसने दिल्लीला निघालेल्या, घरकाम करणाऱ्या आदिवासी मुलींवर सैन्यातल्या जवानांनी अत्याचार केल्याच्या प्रकरणात दिल्ली डोमेस्टिक वर्किंग विमेन्स फोरम ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९४ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की अशा फिर्यादीला फौजदारी प्रक्रिया नीट माहीत असलेला वकील मिळावा. त्याने तिला कार्यवाहीचं स्वरूप समजावून द्यावं, पोलीस ठाण्यात आणि कोर्टात मदत करावी, समुपदेशन आणि उपचार कुठे मिळतील तेही सांगावं. आणि पोलीस ठाण्यात जो माणूस तिच्या बाजूने उभा राहिला तोच शेवटपर्यंत राहावा. या शेवटच्या अटीत मला सगळं काम आलेलं दिसतं. मुलांच्या बाबतीत पॉक्सोच्या २०२० च्या नियमांनी हे बऱ्यापैकी उचललं. बाल कल्याण समितीने साथीदार नेमायचा, आणि अटक, जामीन, तारखा, निकाल, शिक्षा या सगळ्यांची माहिती मुलापर्यंत पोचली पाहिजे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुढे जाऊन सांगितलं, की साथीदार हवा की नको हे केवळ पालकांच्या मर्जीवर सोडू नये. पण अठरा पूर्ण झाली की हे छत्र उडालं. मोठ्या बाईसाठी वन स्टॉप सेंटर आहे, विधी सेवा प्राधिकरण आहे, पण निकालापर्यंत बरोबर चालणारं ठरलेलं माणूस नाही. आणि खून झालेल्याच्या आईबापांकडे तर या चर्चेत कोणी वळूनही पाहत नाही.

मधला काळ साक्षीच्या दिवसात कसा घुसतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. समन्स घेऊन पोलीस दारात येतो तेव्हा तो बहुधा गणवेशात असतो, आणि गल्लीला नव्याने आठवण होते. अकराच्या आत कोर्टात पोचायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली, लहान पोराला कोणाकडे तरी ठेवावं लागलं. बोर्डावर पंधरा-वीस प्रकरणं लागलेली असतात आणि पुकारा कधी होईल ते शिपाईही सांगू शकत नाही. सरकारी वकिलांची आणि तिची पहिली भेट पुष्कळदा त्याच सकाळी, जिन्यात, इतर कागद चाळता चाळता होते. आतमध्ये पडदा आहे, नव्या इमारतीत असुरक्षित साक्षीदारांसाठी वेगळी खोलीही असेल. २०२२ मध्ये स्मृती तुकाराम बडदे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तशा खोल्या उभारायला सांगितलंच आहे. पण व्हरांडा एकच, आणि आरोपीचे नातेवाईक त्याच व्हरांड्यात. साक्ष पडद्याआड होते आणि चहा एकाच टपरीवर होतो. मग तीनच्या सुमाराला कळतं की आरोपीचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेत, किंवा साहेब रजेवर आहेत, आणि पुढची तारीख मिळते. सरतपास आज आणि उलटतपास कित्येक महिन्यांनी, हा प्रकारही होतोच. २०१५ मध्ये विनोद कुमार विरुद्ध पंजाब राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच सवयीवर कडक ताशेरे ओढले. त्या खटल्यात मधे वीस महिने गेले होते आणि तेवढ्यात साक्षीदार उलटला होता. पॉक्सो म्हणतो की मुलाची साक्ष तीस दिवसांत आणि खटला एका वर्षात पुरा करा, पण वर्षाच्या मुदतीला ‘शक्य तोवर’ अशी जोड आहे, आणि सगळी गाडी त्या जोडीवरच चालते.

आता आत शिरू. उलटतपासात सगळ्यात जास्त घाव बसतो तो वकिलाच्या सूचनांचा. ‘असं काही घडलंच नाही’, ‘पैशासाठी तुम्ही हे रचलं’, ‘आरोपीशी तुमच्या वडिलांचं बांधावरून भांडण होतं’ अशी वाक्यं एकामागून एक येतात, ती नाही म्हणते, न्यायाधीश टंकलेखकाला सांगतात आणि कागदावर उतरतं, ‘हे म्हणणे खरे नाही की असा काही प्रकार घडलाच नाही. हे म्हणणे खरे नाही की मी खोटी साक्ष देत आहे.’ तिला वाटतं की वकिलाला सगळं माहीत आहे, न्यायाधीशांनाही ते पटलं असणार, नाहीतर ते थांबवतील ना. हे तंत्र आहे, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. बचाव पक्षाने आपली बाजू साक्षीदारासमोर मांडली नाही तर ती पुढे मांडता येत नाही, म्हणून वकिलाला ही वाक्यं उच्चारावीच लागतात. तसंच पोलिसांच्या जबाबाचं. तिने सांगितलेलं हवालदाराने लिहिलं नाही, आणि आता विचारलं जातं की हे जबाबात का नाही. तिचं उत्तर ठरीव वाक्यात नोंदलं जातं, ‘माझ्या जबाबात तसे का लिहिले नाही याचे कारण मी सांगू शकत नाही.’ कागदावर हे वाक्य निरुपद्रवी दिसतं. पिंजऱ्यात उभ्या असलेल्या बाईला मात्र आपण पकडले गेलो असं वाटतं, आणि ती सारवासारव करायला जाते. विसंगती बहुतेक वेळा तिथे जन्मते.

हे सगळं तिला आधीच समजावून सांगावं म्हटलं, की पहिला आक्षेप ठरलेला आहे, हे साक्षीदार पढवणं झालं. आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. बाल साक्षीदाराच्या बाबतीत तर न्यायालयं पढवल्याची शंका सतत बाळगून असतात आणि ती बाळगावीच. पण रेघ कुठे मारायची हे तितकं अवघडही नाही. प्रक्रिया सांगायची, घटनेला हात लावायचा नाही. कोण कुठे बसतं, शपथ काय असते, प्रश्न कळला नाही तर ‘कळला नाही’ आणि आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणण्याचा हक्क आहे, पाणी मागता येतं, अश्लील प्रश्नाला न्यायाधीश मनाई करू शकतात, हे सगळं सांगितल्याने घटनेचं एक अक्षरही बदलत नाही. उलट ‘आठवत नाही’ म्हणायला मोकळीक मिळाली की रचलेली उत्तरं कमी होतात, आणि त्याचा फायदा आरोपीलाही होतो. मी याच्याही पुढे जाऊन म्हणेन, की साथीदाराने घटनेविषयी स्वतःहून विचारूच नये. तिने सांगितलं तर ऐकावं, पण खोदू नये, लिहून ठेवू नये. कारण वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला कायद्याचं जसं संरक्षण आहे तसं साथीदाराला नाही. गोपनीयता पाळण्याचं बंधन त्याच्यावर आहे, पण कोर्टाने साक्षीला बोलावलं तर तोंड उघडावं लागेल. सहानुभूतीच्या भरात सगळी हकीकत पुन्हा पुन्हा सांगायला लावणारे कार्यकर्ते पाहिले की मला या नियमाची आठवण द्यावीशी वाटते.

दुसरा आक्षेप वकील मंडळींकडून येतो. हे सरकारी वकिलांचं काम, मधे तिसरं माणूस कशाला? तत्त्वतः बरोबर. पण सरकारी वकील शासनाचे असतात, तिचे नव्हे, आणि ही रेघ न्यायालयांनीच जपली आहे. पीडितेला स्वतःचा वकील देता येतो, पण त्याने सरकारी वकिलांना मदत करायची आणि शेवटी परवानगीने लेखी युक्तिवाद द्यायचा. उलटतपास त्याला घेता येणार नाही असं २०१९ मध्ये रेखा मुरारका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. यामागचं कारण, खटला सूडाचा होऊ नये, मला पटतं. पण मग तिच्याशी रोजचं बोलणं कोणी करायचं, हा प्रश्न उरतो. तपास अधिकारी बदलून जातो, सरकारी वकील बदलतात, न्यायाधीशांची बदली होते, आणि एवढ्या सगळ्या माणसांत खटल्याची आठवण एकट्या तिच्याकडेच राहते. ज्या यंत्रणेत सगळेच बदलतात तिथे न बदलणारा एक माणूस असणं, यात तिसरेपणाचा प्रश्न कुठे आला?

तिसरा आक्षेप सगळ्यात गंभीर. गुन्हा सिद्ध झालेला नसताना तिला पीडित म्हणून साथ दिली, तर निकाल आधीच लावला असं नाही का होत? पॉक्सोमध्ये आरोपीविरुद्ध गृहीतकं आहेत, त्यामुळे ही काळजी तिथे जास्तच रास्त आहे. माझं उत्तर असं की साथीदाराला खटल्याबद्दल मत असण्याचं कारणच नाही. त्याने आरोपीबद्दल बोलू नये, निकालाचा अंदाज सांगू नये, शिक्षेच्या घोषणा देणाऱ्यांच्या घोळक्यात उभं राहू नये. घाबरलेला, थकलेला, महिनोन्‌महिने ताटकळलेला साक्षीदार सत्याच्या कामाचा नसतो, मग ते सत्य कोणत्याही बाजूला झुको. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत बलात्काराच्या खटल्यांत दोषसिद्धीचं प्रमाण २०२२ साली २७ टक्क्यांच्या आसपास होतं. हे आकडे दाखवून कोणी म्हणतं की तक्रारी खोट्या असतात, कोणी म्हणतं की न्याय मिळत नाही. उरलेल्यांपैकी किती खटले पुराव्याअभावी पडले आणि किती साक्षीदार कंटाळून, दबून, विकत घेतले जाऊन पडले, हे त्या एका आकड्यावरून कळतच नाही. साक्षीदार टिकले तर निदान निर्दोष सुटलेला माणूस खरोखर तपासून सुटला असं म्हणता येईल.

फितुरीचा विषय इथे टाळता येत नाही. बेस्ट बेकरी खटल्यात गुजरातमध्ये साक्षीदार उलटले, आरोपी सुटले, आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटला नव्याने चालवण्यासाठी महाराष्ट्रात पाठवला. मुंबईच्या कोर्टाने २००६ मध्ये नऊ जणांना दोषी धरलं, आणि त्याच वर्षी मुख्य साक्षीदार तरुणीला, जबाब पुन्हा पुन्हा बदलल्याबद्दल, सर्वोच्च न्यायालयाने एक वर्षाची कैद सुनावली. त्या शिक्षेबद्दल मतभेद असू शकतात. ज्या यंत्रणेने तिला धोक्यातून वाचवलं नाही तिनेच तिला शिक्षा केली, हे मला आजही पचत नाही. नंतर महाराष्ट्राने २०१७ मध्ये साक्षीदार संरक्षणाचा कायदा केला, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये देशभरासाठी योजना लागू केली. पण अंगरक्षक मिळण्याइतका धोका थोड्यांनाच असतो. बाकीच्यांचा दबाव घरचा असतो. आरोपी सख्खा काका असतो, घर त्याच्या नावावर असतं, धाकट्या बहिणीचं लग्न ठरत असतं. आणि पॉक्सोच्या काही खटल्यांत सतरा वर्षांची मुलगी स्वतःच्या मर्जीने गेलेली असते, तक्रार आईबापांची असते, आणि ती साक्षीत उलटते तेव्हा तिच्या दृष्टीने ती खरंच बोलत असते. अशा वेळी साथीदाराने काय करावं? मला वाटतं, त्याने तिला खटल्यात ओढून ठेवू नये. बलात्काराचा गुन्हा तडजोडीने मिटवता येत नाही, शपथेवर खोटं बोलण्याचे परिणाम काय, धमकी येत असेल तर अर्ज कुठे करायचा, एवढं स्पष्ट सांगावं आणि निर्णय तिचा राहू द्यावा. संस्था आपल्या वार्षिक अहवालात ‘इतक्या खटल्यांत शिक्षा’ असा रकाना भरतात, देणगीदारांनाही तो आवडतो. त्या रकान्याने हे काम हळूहळू नासतं, कारण मग उलटणारी बाई संस्थेच्या लेखी अपयश ठरते आणि तिचा फोन उचलणं कमी होतं.

एकच माणूस शेवटपर्यंत टिकायचा तर त्याला पगार हवा, इथे गाडं येऊन अडतं. पॉक्सोच्या नियमांनुसार साथीदाराला कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी मोबदला देता येत नाही. हातात पडला तर तो मोबदला चांगला म्हणायचा. प्रत्यक्षात हे काम बरंचसं संस्थांच्या प्रकल्पांवर चालतं, प्रकल्प दोन-तीन वर्षांचे असतात आणि खटले त्यांच्यापेक्षा जास्त जगतात. मुलगी आठवीत असताना नेमलेली ताई ती बारावीला जाईपर्यंत नोकरी सोडून गेलेली असते आणि फाईल नव्या हातात पडते. सरकारकडे पैसा अजिबात नाही असंही नाही. २०१३ पासूनच्या मनोधैर्य योजनेत पीडितेला भरपाई मिळते, २०१७ नंतर तिची कमाल मर्यादा १० लाखांवर गेली. भरपाई हवीच. पण त्या अर्जाचा पाठपुरावा करायलाही कोणीतरी लागतं. साक्षीदाराच्या भत्त्याचंही तसंच, तो मागावा लागतो आणि मागायचा असतो हेच बहुतेकींना ठाऊक नसतं. विधी सेवा प्राधिकरणाने जिल्हा न्यायालयात या कामासाठी कायम पदं निर्माण केली, आणि ती अठरा वर्षांवरच्या बायकांनाही, खून झालेल्यांच्या घरच्यांनाही खुली ठेवली, तर त्याचा खर्च एखाद्या नव्या पडद्याच्या खोलीपेक्षा फार नसावा.

शिवाय निकालाने काम संपत नाही, हे यंत्रणेने अजून हिशेबात धरलेलंच नाही. शिक्षा झाली की आरोपी उच्च न्यायालयात अपिलात जातो, शिक्षेला स्थगिती आणि जामीन मागतो, आणि ती सुनावणी गावापासून कितीतरी लांब मुंबईत किंवा एखाद्या खंडपीठापुढे होते. जामिनाच्या वेळी पीडितेचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे, हे कायद्याने आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या लखीमपूर प्रकरणातल्या निकालात मान्य केलं आहे. आरोपी सुटला तर २००९ च्या दुरुस्तीनंतर तिला स्वतःला अपील करता येतं, पण त्यासाठी निकालाची नक्कल हवी, मुदत माहीत हवी, वकील हवा. निकालाच्या संध्याकाळी सगळे तिचं अभिनंदन किंवा सांत्वन करून पांगतात. दुसऱ्या दिवशी नकलेचा अर्ज कोणी करायचा, हा प्रश्न बाकीच असतो.